अक्रोडाची फणेरपेटी

"आधी वास घ्या, पाव्हणं," आप्पा म्हणाले आणि रंध्याखालून नुकतंच निघालेलं एक सालपट त्यांनी मुरलीधरच्या तळहातावर ठेवलं.

मुरलीधरनं ते नाकाशी नेलं. मी चहा घेऊन कारखान्याच्या दारात उभी होते. चहा हे निमित्त. मला सांगून आलेला माणूस लाकडाचा वास कसा घेतो ते मला बघायचं होतं. याआधी दोन पाहुणे येऊन गेले होते, पण त्यांना बघायला आईनं मला दारापर्यंतही येऊ दिलं नव्हतं.

"सागवान न्हाई," तो म्हणाला.

"ते आंधळ्यालाबी कळंल. म्होरं?"

त्यानं सालपट बोटांत चुरलं, पुन्हा हुंगलं. "कडवट हाय जरा. पन मी कवा हातात धरल्यालं न्हाई हे लाकूड. उगं नाव कशाला घेऊ?"

आप्पांची मिशी जराशी हलली. आधीच्या पाहुण्यानं 'शिसवी' म्हणून ठोकून दिलं होतं. "आक्रोड," ते म्हणाले. "काश्मीरचा. घ्या, चा घ्या."

आमचा कारखाना म्हणजे कऱ्हाडला घराच्या मागच्या अंगाला असलेली पत्र्याची शेड. आप्पा, म्हणजे माझे वडील यशवंत मिस्त्री, म्हटलं की दारं, खिडक्या आणि देव्हारे, तेही सगळे सागवानी. अक्रोडाची ती फळी आमच्याकडे आली एका सुभेदारामुळे. काश्मिरातली नोकरी संपवून गावी परतताना त्यांनी ती ट्रंकेला बांधून आणली होती. तिचं करायचं काय, ते त्यांना सुचेना. आप्पांनी करून दिलेल्या देव्हाऱ्यावर खूश होऊन त्यांनी ती आप्पांनाच देऊन टाकली. "आमच्या रायफलीचा दस्ता ह्याच लाकडाचा," असं ते सांगत. "पावसात भिजवा, उन्हात टाका, वाकडा हुत न्हाई. आन् किती बी धक्का बसू द्या, चिरत न्हाई."

फळी वर्षानुवर्षं शेडच्या आढ्याखाली पडून होती. आप्पा तिला अधूनमधून खाली काढत, फडक्यानं पुसत आणि परत वर ठेवत. चॉकलेटी रंग, त्यात काळसर रेघा पाण्यावर वारं फिरावं तशा, आणि एका कडेला फिकट पट्टा. करवत लावायचा त्यांना धीर होत नव्हता. आई म्हणायची, "एवढी माझी निगा राखली असती तर मी अजून तरणी दिसले असते."

मी लग्नाची झाले आणि आप्पांना त्या फळीचा उपयोग सापडला.

घरात मुलगा नव्हता. कारखाना उद्या जावयाच्या हाती जायचा, म्हणून जावई सुतार हवा आणि नुसता आडनावाचा नको, हाताचा हवा. त्यांनी अट घातली. फळीतला एक तुकडा घ्यायचा आणि त्याची फणेरपेटी करायची. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा ठेवायला बायकांकडे असते ती लहान पेटी. खिळा नाही, स्क्रू नाही. झाकणावर वेल कोरायचा. काम आमच्याच कारखान्यात आणि स्वतःच्या हातानं. जमलं तर लग्न, नाहीतर रामराम.

पहिल्या पाहुण्यानं पटाशीला धार लावली आणि ती तशीच ओली लाकडावर ठेवून तो जेवायला गेला. परत येऊन बघतो तर लाकडावर दौत सांडल्यासारखा निळा-काळा डाग. ओलं लोखंड अक्रोडाला सोसत नाही, हे आप्पांनाही त्याच दिवशी कळलं. डाग घासून गेला नाही, पाहुणा मात्र गेला. दुसरा अट ऐकूनच भडकला. "मी काय शाळंत आलोय व्हय?" म्हणाला आणि पोहेसुद्धा न खाता उठला. त्या दोघांचं मला तिळमात्र वाईट वाटलं नाही.

मुरलीधर विट्याचा. कऱ्हाडला मामाकडे उतरला होता. रोज सकाळी यायचा, शर्ट काढून खुंटीला अडकवायचा आणि बनियनवर कामाला लागायचा. बोलायचा कमी. दुसऱ्या दिवशी चहा देताना मी हळूच म्हटलं, "पटाशी कोरडी करूनच ठिवत जावा. लाकूड काळं पडतंय."

"पैला पाव्हणा त्यातच गेला काय?"

"तुमाला कुनी सांगितलं?"

"आत्ता तुमीच," तो म्हणाला आणि पटाशी धोतराच्या फडक्याला पुसली. हसला नाही, पण डोळे हसले.

मला तो आवडला होता, हे सरळ सांगून टाकते. कारण सांगायचं तर पेटीचा तळ. पेटीच्या चारी बाजू त्यानं एकमेकांच्या बोटांत बोटं गुंतवावीत तशा जोडल्या होत्या, आणि मग तो पेटी उलटी करून तळ घासत बसला. तळ कोण बघतं? पेटी फळीवर बसली की संपलं. तो मात्र झाकणाइतकाच वेळ तळाला देत होता. अशा माणसाच्या घरात भांडण झालं तरी ते चोख होईल, असं मला वाटलं.

पण वेलापाशी त्याचं अडलं. तो झाकणावर पेन्सिलनं वेल काढायचा, बघायचा, पुसायचा. पुन्हा काढायचा. आप्पा लांबून बघत आणि काही बोलत नसत. घरात जेवताना मात्र आईला म्हणाले, "जोडाचा हात हाय पोराचा. कोरायचा न्हाई. बघू."

त्या 'बघू'चा अर्थ मला ठाऊक होता. वेल बिघडला की हाही जाणार, हे मला दिसत होतं.

आता माझं सांगायला हवं. मी डावखुरी. लहानपणी ताटात डावा हात गेला की आप्पा पट्टी मारत, म्हणून जेवते उजव्या हातानं, लिहिते उजव्या हातानं. पण कारखान्यात खेळताना पटाशी मात्र आपसूक डाव्या हातात यायची. एकदा ती घसरली आणि उजव्या अंगठ्याखाली खोल गेली. आप्पांनी रक्त बघितलं आणि मला कारखाना बंद केला. "डाव्या हातात हत्यार म्हंजे सगळं उलटं. बाकडं उलटं, करवत उलटी. शेजारच्याला लागायचं." त्यांचं अगदी खोटं नव्हतं. त्यांच्या बाकड्याला लाकूड धरायचा शिकंजा डाव्या टोकाला होता, उजव्या हाताच्या माणसाच्या सोयीचा. मला तिथं काम करायचं तर बाकड्याच्या पलीकडं जाऊन, कंबरेत वाकून उभं राहावं लागायचं.

तरी मी उभी राहायचे. अमावस्येला.

अमावस्येला आमच्यात हत्याराला हात लावत नाहीत. हत्यारं पुसून, हळदकुंकू वाहून ठेवायची आणि कारखाना बंद. त्या दिवशी आप्पा आणि आई नदीपलीकडे कुलदैवताला जात ते संध्याकाळी परत येत. साऱ्या महिन्यात शेड रिकामी मिळायची ती त्याच दिवशी. मी हळदकुंकू पुसायचे, हत्यारांना धार लावायचे, दिवसभर भंगारातल्या तुकड्यांवर कोरायचे आणि परत हळदकुंकू लावून ठेवायचे. देवाला काय वाटत असेल याचा विचार मी करत असे, पण तो काम संपल्यावर.

सागवानावर कोरताना पटाशी लवकर बोथट व्हायची, जणू लाकडात वाळू आहे. मग तो पहिल्या पाहुण्यानं डाग पाडलेला अक्रोडाचा तुकडा माझ्या हाती लागला. आई तो चुलीत घालणार होती. त्यावर पटाशी टेकवली आणि मला कळेचना की इतकी वर्षं मी काय करत होते. थंडीत गोठलेल्या तुपात चमचा जावा तशी पटाशी जायची. पान कितीही पातळ करा, कड तुटायची नाही. आणि पटाशीनं काढलेली जागा अशी लखलखीत यायची की तिला पुन्हा काही करावंसं वाटू नये.

त्या महिन्यातली अमावस्या आली. आप्पा आणि आई गेले. मी त्या डागाच्या तुकड्यावर पिंपळपानं काढत होते, तेवढ्यात दारात सावली पडली.

मुरलीधर उंबऱ्याबाहेर उभा होता. आत आला नाही.

"आज आमुशा हाय," तो म्हणाला. "झाकन नुसतं बघाय आलो हुतो. हत्यार न्हाई धरनार. तुमच्यात धरत्यात काय?"

"ज्या दिवशी मिळतंय त्या दिवशी धरते मी."

"बघू?"

मी तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उन्हात धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. मग माझ्या हातातल्या पटाशीकडे, मग मी उभी होते त्या बाकड्याच्या पलीकडच्या बाजूकडे बघितलं.

"असं वाकून कंबर दुखत आसंल."

इतक्या वर्षांत माझ्या कंबरेची चौकशी कुणी केली नव्हती. आईला ठाऊक नव्हतं म्हणून तिनं नाही आणि आप्पांनी तर नाहीच. मी म्हटलं, "सवय हाय."

तो उंबऱ्यावर बसला. बराच वेळ तुकडा हातात फिरवत राहिला. "माझ्या झाकनावर तुमी येल काढाल?"

"अट तुमच्या हाताची हाय."

"माझ्या हातानं येल केला तर पेटी बाद. मग मी विट्याला, आन् तुमी हितं..."

"तिसऱ्या पाव्हण्याची वाट बघत. म्हंजे चवथ्या."

तेव्हा पहिल्यांदा तो मोकळा हसला. मी मात्र हसत नव्हते. आप्पांना कळलं तर याला फसवा म्हणून हाकलतील, आणि आमच्या जातीत ती गोष्ट विट्याच्या आधी साताऱ्याला पोचेल. नाही कळलं तर लग्न. मी झाकण उचललं.

दिवस कलेपर्यंत तो उंबऱ्यावर बसून होता आणि मी कोरत होते. फिकट पट्टा झाकणाच्या कडेला आला होता, त्यावरून मी वेल वर चढवला. पानं गडद भागात नेली. एका ठिकाणी लाकडाचे तंतू फिरले होते. तिथं उजव्या हाताच्या माणसाला अंगच फिरवावं लागलं असतं, माझा हात सरळ गेला.

शेवटी मी काचकागद उचलला.

"नको," तो म्हणाला.

"खुना दिसत्यात की पटाशीच्या. सगळ्या."

"दिसू द्या. सागवानाला लागतो काचकागद. ह्याला नको. आसंच बरं दिसतंय."

मला वाटलं, याला नजर आहे. मी काचकागद खाली ठेवला, झाकणाला तेल चोळलं, हत्यारांना हळदकुंकू लावलं आणि तो आईआप्पा यायच्या आधी निघून गेला.

पेटी दाखवायच्या दिवशी मुरलीधरचे मामा फेटा बांधून आले. आईनं सतरंजी घातली. मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. आप्पांनी पेटी घेतली, उलटी केली आणि आधी तळ बघितला. जोडांवरून नख फिरवलं. झाकण उघडलं, मिटलं. मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि झाकण उजेडात धरलं.

तिथं ते उभेच राहिले. अंगठा वेलावरून एका बाजूनं फिरवला, मग दुसऱ्या बाजूनं. पुन्हा पहिल्या बाजूनं.

"जोड तुमचा," ते वळून म्हणाले. "चोख हाय. तळबी घासलाय, जिथं कुनी बघनार न्हाई."

"व्हय," मुरलीधर म्हणाला.

"येल तुमचा न्हाई."

मामा ताठ झाले. "म्हंजे काय म्हननं हाय मिस्त्री तुमचं? पोरानं रातध्याड..."

"मामा, थांबा," मुरलीधर म्हणाला. "खरं हाय. येल माझा न्हाई."

त्यानं एक शब्द खोटा बोलायचा होता, फक्त एक. आप्पांनी त्याच्यावर विश्वासही ठेवला असता कदाचित.

"कुनाचा?"

"तुमाला दिसलंय की, आप्पा."

आप्पांनी पुन्हा झाकणाकडं बघितलं. प्रत्येक पानाची उतरण डावीकडून उजवीकडं पडत होती. एकूण एक पान तसं. उजव्या हाताच्या माणसाची पटाशी अशी पडत नाही.

"शालन," त्यांनी हाक मारली.

मी पुढं गेले. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला. बोटांना पडलेले घट्टे दाबून बघितले. मग उजवा उलटा केला आणि अंगठ्याखालचा जुना वण बघितला.

"कवापास्नं?"

"लई वर्सं झाली."

"कुटं?"

"हितंच. कारखान्यात." मग सांगूनच टाकलं. "आमुशाला."

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता पट्टी येते. आप्पा सावकाश सतरंजीवर बसले.

"आमुशा झाली की हत्यारं ज्यादा धारदार लागत्यात," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मला वाटायचं, इश्वकर्म्याची किरपा हाय माज्यावर. चार लोकांत सांगितलंय मी तसं."

आईला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. मामांना काय चाललंय ते कळेना.

"पाव्हणं," आप्पा मुरलीधरला म्हणाले, "अट हाताची हुती. तुमी मोडली."

"मोडली."

"पेटी बाद."

"बरं."

"आन् एक सांगा. काचकागद लावला आसता तर मला कळलं नसतं. तुमच्यासारख्या चोख मानसानं येवढं कसं सोडलं?"

मुरलीधरनं माझ्याकडं न बघता उत्तर दिलं. "लावला आसता तर पेटी माझी झाली आसती, आप्पा. आन् ह्यांना परत आमुशाचीच वाट बघाय लागली आसती."

तेव्हा मला कळलं, त्या दिवशी तो उंबऱ्यावर बसून कशाचा विचार करत होता ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

ती बाद झालेली पेटी अजून माझ्याकडे आहे. सागवान वयाबरोबर काळवंडतं, अक्रोड उजेडात उलट उजळत जातो. खिडकीशी राहून राहून ती आता मधासारखी झाली आहे, आणि वेलावरचा एकेक घाव अजून मोजून घ्यावा इतका स्वच्छ आहे. पण त्या दिवशी ती सतरंजीवर तशीच पडून होती आणि तिला कुणी हात लावत नव्हतं.

आप्पा म्हणाले, "मी आता कुनाची परीक्षा घेनार न्हाई. घरात काय हाय ते मला दिसलं न्हाई, मी दुसऱ्याचं काय बघू? उद्यापास्नं ही कारखान्यात बसंल. दिवसाढवळ्या. आन् हिच्या शेजारी कुनी काम करायचं, ते हिनंच बघावं. म्होरली परीक्षा ही घील."

"पोरीनं परीक्षा घ्यायची?" मामा म्हणाले. "आसं कुटं आसतंय व्हय?"

"हितं हाय," आप्पा म्हणाले. "शालन, तुला काय करून पायजे ते सांग पाव्हण्यास्नी."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी ठरवलेलं काहीच नव्हतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "एक बाकडं पायजे. माझ्यापुरतं."

मुरलीधरनं मान डोलावली. लांबी विचारली नाही, उंची विचारली नाही. मामांच्या मागून चपला घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी आप्पांच्या शेजारी उभी राहू लागले. त्यांच्याच बाकड्यावर, पलीकडून, वाकून. माझं कोपर त्यांना लागायचं आणि ते "हं, हं" करत सरकायचे, पण बोलायचे नाहीत. डाव्या हातातल्या पटाशीकडं बघायची त्यांना सवय नव्हती. मधूनच काम थांबवून बघत राहायचे. एकदा मी पान वळवत असताना म्हणाले, "हे मला जमनार न्हाई, ह्या बाजूनं." आणि परत आपल्या चौकटीकडं वळले. विट्याहून मात्र काहीच निरोप येत नव्हता. आई रोज एकदा म्हणायची, "मामानं अडवलं आसंल." मी उत्तर द्यायचे नाही, पण रस्त्यावर टेम्पो वाजला की माझा हात थांबायचा.

दिवाळीच्या तोंडावर एक टेम्पो खरंच दारात थांबला. मुरलीधरनं आणि ड्रायव्हरनं मिळून बाकडं उतरवलं आणि शेडमध्ये आणून ठेवलं. बाभळीचे पाय, वर सागवानी जाड फळी. मी जवळ गेले आणि हात खाली सोडला. फळी बरोबर माझ्या मनगटाशी आली. वाकावं लागत नव्हतं.

आई फिरून फिरून बघत होती. मग तिचा चेहरा पडला. ती माझ्या कानाशी लागली, पण तिचं कानाशी बोलणं शेडभर ऐकू जातं. "अगं, शिकंजा उलट्या टोकाला लावलाय की त्यानं. येवढं देखनं बाकडं केलं आन् हितं चुकलं पोरगं."

आप्पा आले. बाकड्यासमोर उभे राहिले. पटाशी उचलली, क्षणभर थांबले आणि ती डाव्या हातात घेतली. त्यांच्या हातात ती फार परकी दिसली. तसेच उभे राहून त्यांनी उजव्या टोकाचा शिकंजा फिरवून बघितला, एकदा, दोनदा.

"चुकलं न्हाई," ते म्हणाले, आणि पटाशी माझ्यापुढं धरली.

मी पिंपळपानांचा तो डागाळलेला तुकडा शिकंजात बसवला, आवळला आणि सरळ उभी राहून एक पान पुरं केलं. मुरलीधर उंबऱ्याबाहेरच थांबला होता, त्या अमावस्येसारखा.

"आई," मी मान वर न करता म्हटलं, "पाव्हण्यास्नी आत बोलव. आन् मुहूर्त काढाय कुनाला तरी धाड."